उतारावरचं डिझेल

“मॅडम, घट्ट धरा,” मी म्हणालो आणि कुंभार्ली घाटाच्या पहिल्या उताराला गाडी न्यूट्रल केली.

सोळा टन वाळूची पोती भरलेली दहाचाकी. गिअरमधून सुटल्याबरोबर इंजिनाचा आवाज खाली बसला, चाकं मोकळी झाली आणि गाडी आपल्या आपण पळायला लागली. शेजारी बसलेल्या वाकचौरे मॅडमनी एका हातानं वरचं हँडल धरलं. दुसऱ्या हातात पेन्सिल होती, ती काही सोडली नाही. मांडीवर टॅब आणि टॅबच्या कडेला वही.

“भ्यायचं काम न्हाई,” मी म्हणालो. “एकोणीस वर्षं ह्यो घाट मी असाच उतरतोय. इंजिनाला इसावा, डिझेलला इसावा. आता खालपातुर गाडी फुकटात चालली म्हणून समजा.”

मॅडमनी टॅबकडे बघितलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

“बोलत का न्हाई?”

“नियम आहे, मामा. फेरी संपेपर्यंत ड्रायव्हरला आकडे सांगायचे नाहीत.”

“नका सांगू. मला पाठ हायत,” असं म्हणून मी मिशीवरून हात फिरवला. तेव्हा मला मिशी होती आणि घमेंडही होती.

ही गोष्ट आठ-नऊ वर्षांपूर्वीची. कऱ्हाडच्या आमच्या ट्रान्सपोर्टच्या चाळीस गाड्या. साखर भरायची, घाट उतरायचा आणि कोकणात बंदरावर नेऊन टाकायची. एकदा परदेशातल्या साखर घेणाऱ्यानं आमच्या मालकाला पत्र धाडलं, की तुमच्या गाड्या माल पोचवताना हवेत धूर किती सोडतात ते मोजून कळवा आणि वर्षभरात तो कमी करा, नाहीतर आम्ही दुसरा ट्रान्सपोर्ट बघतो. मालकांनी ते पत्र तीनदा वाचलं आणि पुण्याहून मोजणाऱ्या मॅडमना बोलावलं. त्यांनी यार्डातल्या एका गाडीच्या सायलेन्सरला नळी लावली, इंजिनाला वायरी जोडल्या आणि हौद्यात एक पेटी बसवली. गाडी सलाइन लावलेल्या पेशंटसारखी दिसायला लागली.

मग मालकांनी आम्हा दहा जुन्या ड्रायव्हरांना बोलावून सांगितलं, “गाडी हीच, माल हाच, साखरंच्या वजनाची वाळू, रस्ता हाच. रोज एकानं कऱ्हाड ते चिपळूण जाऊन यायचं. ज्याचं डिझेल सगळ्यात कमी जळंल, तो आपल्या नव्या शिकवणी यार्डाचा ड्रायव्हर मास्तर. सकाळी आठला यायचं, संध्याकाळी सहाला घरी जायचं.”

बाकीच्यांनी काय ऐकलं कोण जाणे, मी फक्त ‘घरी जायचं’ एवढंच ऐकलं. माझी समीक्षा तेव्हा सहा वर्षांची. मी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी कार्व्याला घरी जायचो. दारात पाऊल टाकलं की पोरगी पहिल्यांदा माझ्या हातातल्या पिशवीकडे बघायची आणि विचारायची, “पप्पा, परत कधी जाणार?” आले का, काय आणलं, काही नाही. कधी जाणार! तिची आई शैला तर पिशवी दाराजवळच ठेवायची. आत नेऊन परत बाहेर आणायचे कष्ट कशाला, असं तिचं म्हणणं. मला ते फार लागायचं. म्हणून ती मास्तरकी मला पाहिजेच होती, आणि ती माझ्याशिवाय कुणाला मिळेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

कारण डिझेल वाचवण्यात माझं नाव होतं. ‘न्यूट्रलचा बादशहा’ म्हणायचे मला. उताराला गाडी न्यूट्रल करून सोडायची ही विद्या मला बाबालालचाचांनी दिली. बाबालाल मुल्ला, माझे उस्ताद. विशीत मी त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलो. आता ते म्हातारे झाले होते आणि यार्डाच्या फाटकाशी खुर्ची टाकून आल्यागेल्या गाड्या बघत बसायचे. त्यांच्याकडून मी शिकलो आणि माझ्याकडून सगळं यार्ड शिकलं. एक सोडून.

तो एक म्हणजे सोपान वायदंडे. आमच्यातला सगळ्यात भित्रा. हा पठ्ठ्या घाटाच्या तोंडाशीच तिसरा गिअर टाकायचा आणि तसाच घूं घूं करत तळाला जायचा. चहाला थांबला तरी इंजिन बंद करून चावी खिशात घालायचा. न जाणो, गाडी गडगडली तर! कुणी पळवली तर! आम्ही त्याला काय काय बोललो असू. मी तर रोज विचारायचो, “सोप्या, चावी उशाखाली घिऊन झोपतोस का रं?” तो नुसता हसायचा.

तर सोपान माझ्या आदल्या दिवशी फेरी मारून आला होता आणि आज शेवटचा मी. सकाळी पाटणला मिसळ खायला थांबलो, तेव्हा मॅडमनी विचारलं, “मामा, एक लिटर डिझेल जळलं की धूर किती होतो?”

“माझ्या गाडीला धूरच न्हाई. जावा, मागं जाऊन बगा.”

“न दिसणाराच मोजायचाय. कार्बन डायऑक्साइड. लिटरमागं पावणेतीन किलो निघतो.”

मी चमचा खाली ठेवला. “काय तरीच काय! आवं, लिटरभर डिझेलचं वजन किलोबी भरत न्हाई. त्यातनं पावणेतीन किलो कुठनं निघंल?”

“डिझेलमधला कार्बन जळताना हवेतला ऑक्सिजन चिकटवून घेतो. वजन वाढतं ते त्याचं.”

“म्हंजे आजच्या फेरीला पन्नास लिटर लागलं तर…”

“एकशे सदतीस किलो.”

“पन्नास किलोची पावणेतीन पोती!” मी ओरडलोच. हॉटेलवाला वळून बघायला लागला. “म्हंजे मी साखर पोचवाय जातोय आन् वाटंनं पावणेतीन पोती धूर सांडत जातोय?”

“सांडला असता तर बरं झालं असतं, झाडून तरी काढता आला असता. हा वरच राहतो, वर्षानुवर्षं. आणि आपला उन्हाळा वाढवतो.”

मी दाराबाहेर उभ्या माझ्या गाडीकडे बघितलं. ती चालूच होती. गरम इंजिन बंद करायचं नाही, ही आमची दुसरी विद्या. मॅडमनीही तिकडे बघितलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि वहीत लिहिलं. पुढं घाटमाथ्यावर देवीला नारळ फोडला, तेव्हाही गाडी धडधडत उभी आणि बाई लिहितेय. मला वाटलं, माझ्या देवभोळेपणाची नोंद करतेय.

असो. तर आम्ही घाट उतरत होतो.

ड्रायव्हरला एक सवय असते. रस्ता बघता बघता कडेचं सगळं दिसतं. चार वळणं झाली आणि माझ्या लक्षात आलं, की बाईची पेन्सिल थांबत थांबत चाललीय. कुंभार्लीची वळणं काही न्यूट्रलवर घेता येत नाहीत, तिथं मला वेग मारून तिसरा टाकावा लागायचा. तिसरा टाकला की पेन्सिल थांबायची. वळण सरलं, मी परत न्यूट्रल केलं, की पेन्सिल चालू. गिअर टाकला, थांबली. काढला, चालली. सहाव्या वळणाला मला राहवेना.

“मॅडम, आकडं नका सांगू. पर तुमी लिवताय काय, येवढं सांगा.”

“दर अर्ध्या मिनिटाला किती डिझेल जातंय ते. टॅबचं बिनसलं तर हाताशी असावं म्हणून.”

“मंग गिअरमधी असताना का लिवत न्हाई?”

मॅडम जरा घुटमळल्या. नियम त्यांना आठवत असणार. पण मी विचारलं होतं आणि ती मुलगी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती.

“लिहायला काही नसतं, मामा.”

“म्हंजे?”

“शून्य असतं.”

मी मागचा ट्रक पुढं जाऊ दिला, कडेला मोकळी जागा बघितली आणि गाडी उभी केली. डोकं असं तापलं होतं की विचारू नका.

“हे बगा बाई,” मी म्हणालो. मॅडमची एकदम बाई झाली. “गिअरमधी इंजिन बोंबलतंय, आन् तवा डिझेल जात न्हाई? न्यूट्रलमधी गप पडलंय, तवा जातंय? येडं समजता का मला? तुमची पेटी बिघडलीया!”

“उतारावर गिअरमध्ये असताना पाय ॲक्सिलेटरवरून काढला, की चाकंच इंजिनाला फिरवतात,” त्या शांतपणे म्हणाल्या. “त्याला डिझेल लागतच नाही. या गाडीचा पंप आपोआप बंद होतो. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिनाला जिवंत राहायला स्वतः डिझेल प्यावं लागतं. आवाज कमी, म्हणून आपल्याला वाटतं झोपलंय.”

“खोटं!”

“मग बघा ना. तुम्ही गाडी चालवा, मी नुसता टॅब तुमच्याकडे करते. तुम्ही बघितलंत, मी सांगितलं नाही.”

मी गाडी काढली. तिसरा टाकला, पाय उचलला. इंजिन गुरगुरायला लागलं आणि आकडा खाली, खाली, खाली येऊन शून्यावर बसला. न्यूट्रल केलं. तासाला दोन लिटरच्या वर. परत गिअर, परत शून्य. मी चार वेळा केलं. पाचव्यांदा करायला हात जाईना. गिअरमध्ये गाडी ओढून धरल्यासारखी, ब्रेकवर पायसुद्धा जड ठेवावा लागत नव्हता, आणि खाली जाईपर्यंत मला एकच चित्र दिसत होतं. दहा वर्षांमागचं. मी यार्डात मधोमध उभा राहून सोपानला म्हणतोय, “तू घाटात डिझेल वततोस रं, वततोस!”

“मॅडम,” घाटाच्या पायथ्याला पोफळीला पोचल्यावर मी विचारलं, “गाडी उभी असताना चालू ठेवली तर?”

“न्यूट्रलइतकंच.”

मला पाटणची मिसळ आठवली, देवीचा नारळ आठवला. चिपळूणला चहा प्यायलो तेव्हा मी इंजिन बंद केलं, चावी काढली आणि खिशात घातली. मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

संध्याकाळी पाचला यार्डात आलो तर सगळे जमलेले. मालक टेबल टाकून बसले होते. चाचा खुर्ची ओढत फाटकापासून आत आले होते, त्यांच्या चेल्याचा सत्कार बघायला. मॅडमनी पेटीतले आकडे उतरवून कागद मालकांच्या हातात दिला. मालकांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला.

“सगळ्यात कमी,” ते म्हणाले, “सोपान वायदंडे.”

कुणी हसलं, कुणी शिट्टी वाजवली. सोपाननं तर मागं वळून बघितलं, दुसरा कोणी सोपान आलाय की काय. “आन् सर्जेराव निकम,” मालक म्हणाले, “तिसरा.”

मग जो कालवा झाला! “मशीन बिघडलं!” “सोप्याचं कमी? सोप्याचं?” “पुण्याची पेटी, तिला घाट काय ठावा!” सगळे एका तोंडानं मॅडमवर तुटून पडले. मालकसुद्धा माझ्याकडे बघून म्हणाले, “सर्जा, मलाबी ह्ये पटत न्हाई. तू सांग. पेटी चुकली म्हणलास तर ह्या फेऱ्या मी धरत न्हाई. न्यूट्रलच्या बादशहालाच मास्तर करतो.”

एवढं सोपं होतं बघा. एक शब्द, ‘चुकली’. सोपान सोडून सगळे माझ्या बाजूनं. मॅडम तोंडात मारल्यासारख्या उभ्या, पण माझ्याकडे त्यांनी विनवणीनं बघितलं नाही. वही छातीशी धरून सरळ उभ्या होत्या. आणि समोर चाचा, मान वर करून, खुशीत. मला दाराजवळची पिशवी दिसली. पोरगी दिसली.

“पेटी बरोबर हाय, मालक,” मी म्हणालो. “मी चुकलो. आज न्हवं, एकोणीस वर्षं चुकतोय.”

आणि मग सगळं सांगितलं. पेन्सिल, शून्य, चार वेळा करून बघितलं ते. शेवटी मी सोपानकडे वळलो आणि म्हणालो, “सोपानराव, माफी करा. डिझेल मी वतत हुतो.” आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला ‘राव’ लावलं.

मग चाचांच्या पुढं गेलो. त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. “चाचा, तुमची विद्या खोटी म्हणत न्हाई मी. जुन्या गाड्यांना तसंच आसंल…”

चाचांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, म्हातारा रडतोय. खाली वाकून बघतो तर हसतोय! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

“सर्जा,” ते म्हणाले, “आपली ती पयली गाडी आठवती का? तांबड्या कॅबिनची?”

“आठवती की.”

“तिचा तिसरा गिअर धरतच नव्हता रं! उताराला लागली की खाडकन भाईर यायचा. एकदा घाटात तसाच आला, आन् तू शेजारी. तोंड पांढरंफटक तुझं. म्हणलास, चाचा, गिअर पडला! आता मी तुला काय सांगू? गाडी माझ्या हातात न्हाई म्हणून सांगू? म्हणलं, पडला न्हाई बाबा, मी काढला. डिझेल वाचतंय.”

मी तिथंच मातीत बसकण मारली.

“आन् तू ते गावभर सांगत सुटलास!”

“मंग नंतर का सांगितलं न्हाई?”

“कसं सांगू? तुझं नाव झालं हुतं. न्यूट्रलचा बादशहा, कुणाचा चेला, तर बाबालालचा. मलाबी बरं वाटत हुतं की!”

मग सोपान फुस्सकन हसला, मग मालक, आणि मग सगळं यार्ड. एका मोडक्या गिअरपायी चाळीस गाड्या एवढी वर्षं न्यूट्रलमध्ये घाट उतरत होत्या! मॅडम तर वहीत तोंड खुपसून हसत होत्या. मीही हसलो. पण हसता हसता मालकांनी सोपानचा हात धरला आणि म्हणाले, “चला, मास्तर,” तेव्हा माझं हसू थांबलं. ते खोटं कशाला सांगू.

सोपान पुढं येईना. “मालक, मला नको,” तो म्हणाला.

“का रं?”

“धा मानसांफुडं बोलायचं म्हणलं की माझी बोबडी वळती. त्यापरीस घाट बरा.” तो खरंच घामानं भिजला होता. “मला एखादी नवी गाडी द्या. आन् मास्तर सर्जेरावला करा. मी सांगून ह्यातला एकबी ऐकायचा न्हाई, मला भित्रा म्हणत्यात. न्यूट्रल ह्यानंच सगळ्यांला शिकिवलं, आता त्येनंच काढावं.”

मालकांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, “मला तर स्वतः चार वेळा करून बघणारा मास्तर आवडेल.”

उद्यापासून कामाला ये, म्हणाले मालक. पुढं पहिल्या वर्षातच आमच्या गाड्यांचं डिझेल इतकं उतरलं, की परदेशातल्या त्या माणसानं पत्र पाठवून विचारलं, तुम्ही नवी इंजिनं घेतली का? आजही माझ्या पहिल्या तासाला मी तांबड्या कॅबिनची गोष्ट सांगतो. चाचा होते तोवर ते खुर्ची घेऊन पहिल्या ओळीत बसायचे आणि सांगताना माझं कुठं चुकलं तर मधूनच दुरुस्त करायचे.

पण त्या दिवशी मी कार्व्याला पोचलो तेव्हा दिवेलागणीला अजून वेळ होता. समीक्षा उंबऱ्यावर शेंगा फोडत बसली होती. तिनं पिशवीकडे बघितलं.

“पप्पा, परत कधी जाणार?”

“उद्या. सकाळी आठला.”

तिनं मान खाली घातली आणि परत शेंगा फोडायला लागली. आतून शैलाचा तवा वाजला, जरा जोरातच.

“आन् संध्याकाळी सहाला येणार,” मी म्हणालो.

शेंग हातातच राहिली. “उद्याच?”

“उद्याच.”

“आणि परवा?”

“परवाबी आठला जाणार, सहाला येणार.”

“आणि तेरवा?”

“तेरवाबी.”

तिनं बोटं मोजली. एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची घेतली, मग कंटाळून सोडून दिली. उठून माझ्या हातातली पिशवी दोन्ही हातांनी ओढून घेतली, फरफटत आतल्या खोलीत नेली आणि कॉटखाली पार भिंतीला लागेपर्यंत ढकलली.